येऊन गेलेली कावीळ

मैदाबाई रागावली की तिचा आवाज चढत नसे, उलट खाली जाई. इतका खाली, की समोरच्याला कान पुढे करावा लागे. बेकरीत नव्या लागलेल्या पोरी हमखास फसायच्या. बाई शांत आहेत असं समजून टेबलाला टेकून गप्पा झोडायच्या, आणि दुसऱ्या दिवशी आल्या की त्यांच्या वाट्याला ट्रे घासायचं काम आलेलं असायचं. का, असं विचारलं तर बाई पुटपुटल्यासारखं म्हणायची, "काल यीस्टचा डबा उघडा राहिला होता." संपलं. पुढे महिनाभर त्या पोरीने कितीही गोड बोलून पाहावं, ट्रे काही सुटायचे नाहीत.

तिचं खरं नाव बँकेत आणि दवाखान्यातच निघायचं. एरवी सगळ्या गल्लीला ती मैदाबाईच. पीठ मळायच्या टेबलाशी तिची वीस वर्षं गेली होती. भुवयांत मैदा, कानाच्या पाळीत मैदा. घरी जाऊन आंघोळ केली तरी उशीवर थोडा उतरायचाच. एकदा पोती टाकायला आलेला माणूस तिला म्हणाला होता, "बायकांना पिठातलं काय कळतं?" त्या दिवसापासून त्याची पोती पुढच्या दाराने आत घेणं बंद झालं. मागच्या अरुंद जिन्याने, एकेक पोतं पाठीवर घेऊन, तो माणूस निवृत्त होईपर्यंत चढत राहिला. बेकरीचे मालक हसून सांगायचे, "हिच्या वाटेला जाऊ नका. ही डूख धरते."

पण घरात मात्र तिने कधी डूख धरला नव्हता. निदान तिला तसं वाटायचं.

नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा. अबोल, कामसू माणूस, नखांत कायमचं काळं ग्रीस. त्याला वाढवलं त्याच्या मोठ्या बहिणीने. तो शाळेत असतानाच आई गेली, पोटात पाणी होऊन. बहीण त्याच्याहून दहा वर्षांनी मोठी. तिने शिक्षण सोडलं, एका लॉन्ड्रीत इस्त्रीला उभी राहिली, आणि पुढे तीच लॉन्ड्री चालवायला घेतली. लग्न केलं नाही. भाऊ हाताशी आला, कमावता झाला, तेव्हा तिनेच त्याच्यासाठी मुलगी शोधली. ती ही मैदाबाई.

या नणंदेची नजर डागांवर तयार झालेली होती. कपडा हातात घेतला की चहाचा डाग कुठला, गंजाचा कुठला, हे ती लांबूनच सांगायची. माणसांकडेही तशीच बघायची. तिचं आवडतं वाक्य होतं, "आमच्या घराण्यावर एक डाग दाखवा." आईचं नाव निघालं की तिचे डोळे भरून यायचे, आणि मग समोरच्याने काही बोलायची सोय राहायची नाही.

लग्नानंतर चार-पाच महिन्यांत मैदाबाईला मळमळायला लागलं. नणंद आनंदली, तिला पाळणा दिसायला लागला. मग अन्नाचा वास नकोसा झाला, अंगात कसकस राहायला लागली, आणि एका सकाळी आरशात बघते तर डोळे पिवळेधमक. गल्लीतल्या डॉक्टरने कावीळ सांगितली, पाणी खराब आलं असेल म्हणाला. नणंदेने तोंड फिरवलं. "दाखवताना हे कुणी सांगितलं नव्हतं," असं म्हणून तिने भावजयीची पिशवी भरली आणि भावाला सांगितलं, "बरी झाली की आण." मैदाबाई माहेरी पडून राहिली, उकळलेलं पाणी प्यायली, बरी झाली, परत आली. पुढे मुलगी झाली, मोठी झाली, नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेली. त्या काविळीची आठवणही कुणाला राहिली नाही. निदान मैदाबाईला तसं वाटत होतं.

नवऱ्याच्या कंपनीचे मालक बदलले, तेव्हा सगळ्या कामगारांची तपासणी झाली. रक्त, लघवी, डोळे, छाती. आठवड्याने त्याला एकट्यालाच परत बोलावलं. कंपनीच्या डॉक्टरकडे बाहेर रांग लागलेली होती. त्याने घाईघाईत सांगितलं की बी प्रकारची कावीळ अंगात आहे, आजची नाही, बऱ्याच काळापासून मुक्काम ठोकून आहे, लिव्हरला थोडी सूज आहे, गोळ्या लागतील, बायकोलाही तपासून घ्या. नवऱ्याने मान हलवली आणि तो बाहेर आला. आणि घरी येण्याआधी लॉन्ड्रीत गेला.

संध्याकाळी दोघं बहीणभाऊ बरोबरच आले. मैदाबाई नुकतीच कामावरून येऊन केस झटकत होती. नणंदेने खुर्चीही ओढली नाही.

"बस झालं," ती म्हणाली. "वीस-बावीस वर्षं मी गप्प राहिले. लग्नाच्या वर्षी कावीळ कुणाला झाली होती? मला की याला?"

मैदाबाईला आधी कशाबद्दल चाललंय हेच कळेना. मग नवऱ्याने भिंतीकडे बघत दोन वाक्यांत सांगितलं.

"ताई, ती साधी कावीळ होती. मी बरी झाले."

"तू बरी झालीस आणि याच्या अंगात घालून मोकळी झालीस. आमच्या घराण्यात असलं काही नाही. कुठून घेऊन आलीस ते तुझं तुला माहीत. आणि कशी, तेही."

त्या शेवटच्या शब्दांनी मैदाबाईच्या कानशिलात जाळ झाला. तिने नवऱ्याकडे बघितलं. एवढी वर्षं एका उशीवर काढलेला माणूस. त्याने फक्त "ताई, काहीतरीच काय" एवढं म्हटलं असतं तरी पुष्कळ होतं. तो खिशातला रुमाल काढून बोटं पुसत राहिला. बोटं स्वच्छच होती.

दुसऱ्या दिवशी नणंद एक ताट, एक पेला आणि दोन टॉवेल घेऊन आली. कुठले कपडे कुणाचे ते कळावं म्हणून लॉन्ड्रीत कोपऱ्यात रंगीत धाग्याची खूण घालतात. या टॉवेलांच्या कोपऱ्यात लाल धागा घातलेला होता. "हे हिचं," ती भावाला म्हणाली. भावजयीशी बोललीच नाही.

ती गेल्यावर मैदाबाईने ते ताट उचलून उलटसुलट करून पाहिलं. "अहो, आजार तुम्हाला, आणि ताट माझं वेगळं?"

"ताईचं समाधान होऊ दे," तो म्हणाला. "थोडे दिवस."

ती त्या ताटात जेवली. घास गिळताना तिला वाटलं, आपण बोलायला हवं. पण आवाज इतका खाली गेला होता की तिचा तिलाच ऐकू येईना.

एवढ्यावर भागलं असतं तर गोष्ट वेगळी झाली असती. पण बेकरीचे एप्रन धुवायला नणंदेच्याच लॉन्ड्रीत जायचे. धुतलेला गठ्ठा काउंटरवर ठेवताना ती मालकांना म्हणाली, "एक सांगू का? लोकांच्या पोटात जाणारी वस्तू आहे, म्हणून सांगते. आमच्या वहिनीला कावीळ आहे. पसरणारी. तिचा एप्रन मी वेगळा उकळते." मालक वाईट माणूस नव्हते, पण भित्रे होते. त्यांनी मैदाबाईला मागे बोलावून घेतलं, तिच्याकडे न बघता भट्टीकडे बघत म्हणाले, "बाई, तुमच्या नणंदबाई सांगून गेल्या. डॉक्टरकडून चिठ्ठी आणा आणि या. तुमची जागा कुठे जात नाही." पोरी हातातलं काम थांबवून बघत होत्या. ज्यांना तिने ट्रे घासायला लावले होते, त्याही. तिने एप्रन काढून खुंटीला लावला. एका पोरीने तो चिमटीने उचलून दुसऱ्या खुंटीला, एकटा, अडकवला. ते तिने दारातून वळून पाहिलं.

सरकारी दवाखान्यात लिव्हरच्या रोग्यांसाठी वेगळी खोली होती. तिथली डॉक्टरीण तरुण, केस अगदी बारीक कापलेली, भराभर बोलणारी. तिने सगळं विचारून घेतलं, रक्त घेतलं, पुढच्या आठवड्यात या म्हणाली. पुढच्या आठवड्यात मैदाबाई गेली.

"तुमच्या अंगात कावीळ नाही," डॉक्टरीण म्हणाली. "पण ती येऊन गेलेली आहे. विषाणू आला, तुमच्या शरीराने त्याच्याशी दोन हात केले, त्याला हुसकावून लावलं. तो गेला, पण लढाईच्या खुणा रक्तात राहिल्या आहेत. आणि आता पुन्हा आला तर त्याला दारातच अडवायची तयारी शरीराकडे आहे. तुमच्यापासून कुणाला काही होणार नाही, आणि तुम्हालाही सहसा पुन्हा होणार नाही."

"म्हणजे ती लग्नाच्या वर्षीची?"

"तीच असावी. मोठ्या वयात ही कावीळ झाली, तर बहुतेकांची अशीच निघून जाते. जन्मभर ठाण मांडून बसते ती बहुतेक वेळा अगदी लहानपणी आलेली. पुष्कळदा जन्माच्या वेळी, आईकडून. तुमच्या नवऱ्यांच्या आई कशाने गेल्या?"

"पोटात पाणी झालं होतं."

डॉक्टरणीने ते कागदावर लिहून घेतलं. "हं."

"म्हणजे माझ्याकडून त्यांना नाही. त्यांच्याकडून मला."

"तसं असण्याची शक्यता जास्त आहे. पण रक्त नाव सांगत नाही हो. कुणाकडून आली, कधी आली, हे त्यात लिहिलेलं नसतं. मी शपथेवर सांगणार नाही."

"आणि ताट? पेला? पाव?"

"जेवणातून पसरत नाही. खुशाल मळा पाव." मग ती पुढे वाकली. "मुलगी आहे म्हणालात. तिला लस दिली होती ना? ठीक, तरी एकदा तपासून घ्या. पण त्याहून महत्त्वाचं. नवऱ्यांना भाऊबहीण कोण?"

"एक मोठी बहीण."

"तिला आजच सांगा तपासायला. आईकडून याला आली असेल, तर तिलाही आली असण्याची शक्यता मोठी आहे. ही कावीळ वर्षानुवर्षं अंगात बसते, काही दुखत नाही, खुपत नाही, आणि आतून लिव्हर खात राहते. वेळेत कळलं तर गोळ्यांनी थांबवता येतं. सांगाल ना?"

"सांगते," मैदाबाई म्हणाली.

दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना तिच्या अंगात कुठून तरी नवं बळ येत होतं. पर्समध्ये चिठ्ठी होती, कामावर जायला हरकत नाही अशी. ती घेऊन बेकरीत गेली असती तर मालकांनी हात जोडून आत घेतलं असतं. बसमध्ये तिने त्याचा विचार केला. मग तिला तो चिमटीत धरलेला एप्रन दिसला. चिठ्ठी दाखवून परत जायचं, म्हणजे आपणच आपली बाजू मांडत फिरायचं. ज्या तोंडाने ते घाण शब्द काउंटरवर टाकले होते, त्याच तोंडाने ते उचलायला हवेत. आणि त्या तोंडाची मालकीण आता तिच्या मुठीत होती. नणंदेला स्वतःला हे ठाऊकही नव्हतं. बसच्या खिडकीत बसून मैदाबाई हसली. बऱ्याच दिवसांनी.

घरी नवरा आला, हात धुऊन बसला. तिने वेगळं काढलेलं ते ताट त्याच्यासमोर मांडलं. तोच पेला. लाल धाग्याचा टॉवेल घडी करून बाजूला.

"हे काय?"

"तुझं."

तिने आयुष्यात त्याला कधी अरेतुरे केलं नव्हतं. तो तिच्याकडे बघतच राहिला.

"मला झाली होती आणि मी तिला हाकलून दिली," ती म्हणाली. आवाज खाली, अगदी सपाट. "तुझ्यात ती अजून बसलीये. तुझ्याकडून मला आली असेल, असं डॉक्टर म्हणाल्या. लहानपणापासून असेल तुझ्यात. जेवणातून पसरत नाही, हेही सांगितलं. मला पुन्हा होणार नाही, हेही सांगितलं. म्हणजे या ताटाची काहीएक गरज नाही. तरी तू यातच जेवायचं."

"अगं, मी कधी तुला काही बोललो का?"

"तेच तर."

तो त्या ताटात जेवला. त्या दिवशी, आणि त्यानंतर रोज. गोळ्या त्याला तीच आठवणीने द्यायची, तपासणीला तीच पाठवायची, त्याच्या आजाराची हेळसांड तिने एक दिवस केली नाही. पण "अहो" परत आलं नाही. त्याच्या बहिणीबद्दल डॉक्टरीण काय म्हणाली, ते मात्र तिने सांगितलं नाही. त्यालाही सुचलं नाही. आपली आई आणि आपला आजार यांची सांगड घालावी, असं त्याच्या डोक्यात कधी आलंच नसतं. आई त्या घरात फोटोत होती, आणि फोटोतल्या माणसाला आजार नसतो.

मैदाबाईने एका वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात काम धरलं. तिथे जायचा सरळ रस्ता बागेच्या बाजूने होता. ती लॉन्ड्रीवरून जायची. लांब पडायचं, पण तिला बघायचं होतं.

आणि बघायला मिळायलाही लागलं. नणंद दुकानाच्या दारात स्टुलावर बसलेली असायची. पूर्वी दिवसभर उभी राहणारी बाई. कधी दंड खाजवत, कधी नुसतीच डोळे मिटून. दंडावर निळे डाग उमटायला लागले. उन्हाळा सरता सरता तिने चपलांचे पट्टे सैल केले, मग चपला सोडून सपाता घातल्या. मैदाबाई हे सगळं पीठ बघावं तसं बारकाईने बघायची. किती फुगलंय, किती बसलंय. मनातल्या मनात म्हणायची, ओळखा ताई, हा डाग कशाचा? खोटं कशाला बोला, तिला बरं वाटायचं. रात्री झोप शांत लागायची.

एकदा मात्र ती सांगायला निघाली होती. नणंद उन्हात डोळे मिटून बसली होती, तोंड अर्धवट उघडं, आणि अगदी म्हातारी दिसत होती. मैदाबाईची पावलं आपोआप दुकानाकडे वळली. चाहूल लागून नणंदेने डोळे उघडले. कोण आलंय ते पाहिलं, आणि शेजारी ठेवलेला इस्त्रीच्या कपड्यांचा गठ्ठा दोन्ही हातांनी उचलून आपल्या पलीकडच्या बाजूला ठेवला.

मैदाबाई वळली आणि निघून गेली.

हवा थंड व्हायला लागली तेव्हा एके दिवशी नवरा जेवता जेवता थांबला. म्हणाला, "ताईचे पाय बघितलेस का? आईचे असेच सुजायचे. मी दाबून द्यायचो. बोट टेकवलं की खड्डा पडायचा, तो भरायचाच नाही." आणि त्याला रडू फुटलं.

मैदाबाईचा हात ताकाच्या भांड्यावर तसाच राहिला. आतापर्यंत तिला वाटत होतं, दोरी आपल्या हातात आहे, केव्हाही ओढता येईल. ओढायच्या आधी नणंदच संपेल, हे तिच्या हिशेबात नव्हतं. नणंद मेली तर ती घाण तशीच काउंटरवर राहील. ती दया होती की भीती, की आपला डाव फुकट जाईल याची चुटपुट, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. तिन्ही असेल. पण त्यातलं शेवटचं जास्त होतं, एवढं ती पुढे कबूल करायची.

दुसऱ्या दिवशी ती लॉन्ड्रीत शिरली. वाफेने काच धूसर झाली होती.

"ताई, तुमच्या जिवाशी गाठ असलेली एक गोष्ट मला डॉक्टरांनी सांगितली आहे. तुम्ही बेकरीत या, मालकांसमोर आणि पोरींसमोर सांगा की माझ्याबद्दल बोललात ते खोटं होतं. मग मी सांगते."

नणंद आधी हसली. "माझा जीव? आणि तुला सांगितला? चल, नीघ. कपड्यांना हात लावू नकोस."

"बरं," म्हणून मैदाबाई निघाली. दारात थांबून म्हणाली, "पाय वर ठेवून बसत जा."

पुढचे काही दिवस नणंदेचा डोळ्याला डोळा लागला नसावा. तिने भावाला पाठवलं. तो घरी येऊन म्हणाला, "काय आहे ते सांगून टाक ना. ताई घाबरलीये."

"घाबरू दे. ताईचं समाधान होऊ दे," मैदाबाई म्हणाली. "थोडे दिवस."

आणि एका सकाळी, गरम पावासाठी रांग लागलेली असताना, नणंद बेकरीच्या दारात उभी राहिली. कुणीतरी जाऊन मैदाबाईला वसतिगृहातून बोलावून आणलं. ती आली, ओले हात पुसत काउंटरच्या या बाजूला, गिऱ्हाइकांबरोबर उभी राहिली.

नणंद काउंटरची कड धरून उभी होती. "मी हिच्याबद्दल बोलले होते," ती म्हणाली, "ते खरं नव्हतं."

मैदाबाई पुटपुटली, "मालकांना ऐकू आलं नाही, ताई."

मालकांना चांगलं ऐकू आलं होतं. ते खाली मान घालून चिमटे आवरत होते.

"हिला कावीळ नाही!" नणंद ओरडली. तिचा आवाज फाटला. "मी खोटं बोलले! मला माहीत नव्हतं आणि मी बोलले! झालं समाधान?"

रांगेतल्या एका म्हाताऱ्याने हातातला पाव पिशवीत टाकायचं थांबवलं. पोरी दारात दाटीवाटीने उभ्या होत्या. मैदाबाईने आता चिठ्ठी काढून मालकांपुढे ठेवली, आणि नणंदेला मागच्या खोलीत नेलं. तिथे पोत्यावर बसवलं. आणि सांगितलं. सगळं, डॉक्टरीण जसं म्हणाली तसं.

नणंद आधी आईवर अडली. "माझ्या आईला नावं ठेवू नकोस."

"नावं कशाला ठेवू? त्यांनाही कुणी सांगितलं नसेल."

मग हळूहळू दुसरी गोष्ट तिच्या ध्यानात आली. "हे तुला कधी कळलं?"

खोटं बोलता आलं असतं. मैदाबाई म्हणाली, "उन्हाळ्यात."

"उन्हाळ्यात," नणंद म्हणाली. बाहेर थंडीने माणसं गळपट्टे गुंडाळून चालली होती. "रोज माझ्या दारावरून जात होतीस. बघत होतीस. आणि गप्प बसलीस?"

"तुम्ही बोलत होतात ना, ताई. मी मध्ये कशी बोलणार?"

नणंदेचा हात उठला. तिने मारलं असतं, मैदाबाईने मारू दिलं असतं. पण हात अर्ध्यावरच थकला आणि मांडीवर पडला. त्यावर सगळा मैदा लागला.

तपासणीत निघायचं तेच निघालं. कावीळ होती, लिव्हर निबर झालेलं होतं, पोटात पाणी साठायला सुरुवात झाली होती. गोळ्या सुरू झाल्या. त्या दिवशी नवऱ्याला सुट्टी मिळाली नाही, म्हणून दवाखान्यात मैदाबाई गेली होती. डॉक्टरणीने तिला ओळखलं. नणंद वजनकाट्यावर उभी असताना तिने विचारलं, "मी तुम्हाला सांगितलं होतं ना, यांना पाठवा म्हणून?"

"हो."

"त्या मधल्या महिन्यांनी किती फरक पडला, ते मला सांगता येणार नाही. कदाचित काहीच नाही. कदाचित पडलाही असेल."

एवढं बोलून डॉक्टरीण तिच्याकडे बघत राहिली. रागाने नव्हे. नुसती, रक्ताची बाटली उजेडात धरून बघावी तशी. एवढ्या सगळ्या प्रकरणात मैदाबाईने खाली मान घातली ती तेवढ्याच वेळी.

नणंद जगली. आजही आहे, बारीक झाली आहे, दुपारी दुकान बंद ठेवते. गल्लीत प्रत्येकाला सांगते की माझ्या वहिनीने मला मरायला सोडलं होतं, आणि कुणी येऊन मैदाबाईला विचारलं, खरं का हो, तर ती म्हणते, खरं. निम्मी गल्ली तिच्याशी बोलत नाही, निम्मी जरा जास्तच बोलते. मैदाबाई बेकरीत परत आली आहे, आणि तिथले एप्रन अजून त्याच लॉन्ड्रीत जातात. सगळे कडक इस्त्री होऊन येतात, एक सोडून. तो चुरगळलेला येतो, कधी बंद तुटलेला. मैदाबाई तो तसाच घालते. तक्रार केलेली नाही.

नवऱ्याने एकदा धीर करून म्हटलं होतं, "ताईची माफी माग. ती मोठी आहे, आजारी आहे."

"तू माझी मागितलीस?"

त्याने मागितली. खरंच मागितली, हात धरून. तिने हात धरू दिला. म्हणाली, "ऐकलं." आणि भाजी चिरायला घेतली.

मालकांना मात्र राहवत नव्हतं. भित्रा माणूस, स्वतःच्या वाट्याचं ओझं त्यांना टोचत असणार. एका दुपारी भट्टी थंड होत असताना त्यांनी विचारलं, "बाई, तुम्हाला कधी पस्तावा होतो का हो?"

ती कणकेचा गोळा टेबलावर आपटत होती. थांबली नाही.

"होतो," ती म्हणाली. मालकांना कान पुढे करावा लागला. "रोज थोडा होतो. पण तो वाढायला लागला की मला त्यांनी हलवलेला कपड्यांचा गठ्ठा आठवतो. मग बसतो खाली."

मग काउंटरवर कुणीतरी आलं, म्हणून मालक पुढे गेले.